जळगावची महिन्यातून एकदा भरणारी लिव्हर ओपीडी : आप्पांचा ट्रान्सप्लांट वर्कअप आणि आमचा अनुभव

हॉस्पिटलचं नाव इथं टाकत नाहीये, पण पुण्याची एक लिव्हर टीम महिन्यातून एकदा जळगावला येऊन पेशंट बघते तिथला हा अनुभव आहे. आपल्याकडे ट्रान्सप्लांट (खराब लिव्हर काढून दुसऱ्याचं बसवणं) म्हटलं की लोक आधी खर्च विचारतात. पेशंट ट्रान्सप्लांटमध्ये बसतो का, आणि कधी बसतो, हा प्रश्न कोणी विचारतच नाही, आणि वर्कअप म्हणजे ते ठरवायच्या सगळ्या तपासण्या, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आम्ही अमळनेर तालुक्यातले. आप्पा म्हणजे माझे वडील, ५८ वर्षांचे, शुगर १७ वर्षांपासून, आयुष्यात दारूचा थेंब नाही, माळकरी माणूस. तरी लिव्हर खराब झालं म्हटल्यावर गावात कुजबुज झालीच आणि ते आप्पांच्या फार मनाला लागलं. शुगर आणि फॅटी लिव्हरमुळे (लिव्हरमध्ये चरबी साठल्याने) पण सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं, होतो हे तेव्हा आम्हाला पण माहीत नव्हतं. आधी रक्ताची उलटी झाली, एंडोस्कोपी करून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या नसा बांधल्या, मग पोटात पाणी भरायला लागलं. ज्या डॉक्टरकडे जायचो ते दर पंधरा दिवसांनी पाणी काढायचे आणि पाठवून द्यायचे. आठ महिने असंच चाललं, आठ महिन्यांत एकदाही ट्रान्सप्लांट हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. याचा राग मला अजून आहे, कारण पाणी भरणं, रक्ताची उलटी, भ्रम होणं यातलं एक जरी झालं तरी पेशंटला ट्रान्सप्लांटवाल्यांना एकदा दाखवायला हवं हे नंतर कळलं.

ओपीडीत गर्दी बेफाम. सकाळी ९ चा नंबर आणि आत गेलो दीडला, बसायला बाकडे कमी, म्हातारी माणसं जिन्यात बसलेली, आणि फोनवरची कोऑर्डिनेटर हिंदीतच बोलायची, माय तिच्याशी बोलायलाच घाबरायची. हे सुधारायला पाहिजे. पण आत गेल्यावर डॉक्टरांनी घाई केली नाही, जुनी फाईल पानं उलटून उलटून बघितली आणि मग आप्पांना म्हटले, काका, दोन्ही हात पुढे करा, एसटीला थांबवायला दाखवतो तसे पंजे वर करा. आप्पांनी केले आणि पंजे आपोआप फडफडायला लागले, पाखराने पंख झटकावे तसे. मग मायला विचारलं, दिवसा झोपतात का, रात्री जागे राहतात का, हिशोब चुकतो का. माय एकदम गप्प झाली. दोन महिन्यांपूर्वी कापूस दिला तेव्हा आप्पांनी एकच नोटांचं बंडल तीनदा मोजलं होतं आणि तिन्ही वेळा वेगळा आकडा आला होता, आम्ही वयावर ढकललं. लिव्हर रक्त नीट साफ करत नाही म्हणून डोक्यावर परिणाम होतो हे तिथं समजलं. लॅक्टुलोजचं सिरप सुरू केलं, दिवसातून २-३ वेळा शौचाला झालंच पाहिजे असं बजावलं, आणि आठ दिवसांत आप्पा परत पेपर वाचायला लागले.

मग मेल्ड स्कोअर काढला. बिलिरुबिन (कावीळ), क्रिएटिनिन (किडनी), आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ) आणि सोडियम या रक्ताच्या टेस्टवरून निघतो, ६ ते ४० पर्यंत असतो, आणि पुढच्या तीन महिन्यांत जिवाला किती धोका आहे याचा अंदाज देतो. साधारण १५ च्या पुढे गेला की ट्रान्सप्लांटचा विचार करतात. आप्पांचा १९. मी लगेच म्हटलं मग करून टाका, तर डॉक्टर म्हणाले आकड्यावरून फक्त गरज कळते, ऑपरेशन झेपेल का ते वेगळं बघावं लागतं. फार लवकर केलं तर माणूस विनाकारण एवढ्या मोठ्या ऑपरेशनच्या धोक्यात जातो, फार उशीर केला तर टेबलावर घेण्याच्या लायकीचा राहत नाही. हे वाक्य मी कोणालाही सांगतो आता.

पुण्याला पाच दिवस वर्कअप. महाराष्ट्र एक्स्प्रेसने गेलो, आप्पा रस्ताभर पडूनच. हृदयाचा स्ट्रेस इको, फुफ्फुसाची टेस्ट, ट्रिपल फेज सीटी, एचआयव्ही आणि कावीळ बी-सी, टीबी, मानसोपचार, आणि हो, दात. किडलेले दोन दात काढायला लावले, कारण ट्रान्सप्लांटनंतर टॅक्रोलिमससारख्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, त्याने प्रतिकारशक्ती दाबली जाते आणि तोंडातलं छोटं इन्फेक्शन पण महागात पडतं. सोनोग्राफीत लिव्हरवर एक ठिपका दिसला होता, दोन रात्री झोप नाही आली. तेव्हा डॉक्टरांनी कागदावर काढून समजावलं की कॅन्सरची गाठ असली तरी सगळं संपत नाही, एकच गाठ ५ सेंटीमीटरपर्यंत, किंवा तीनपर्यंत गाठी आणि प्रत्येक ३ च्या आत, रक्तवाहिनीत किंवा बाहेर पसरलेली नाही, तर ट्रान्सप्लांट करतात. मिलान निकष म्हणतात त्याला, १९९६ पासून चालतोय. आप्पांची गाठ कॅन्सरची नव्हती, सीटीत क्लिअर झालं.

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. फिजिओवाल्याने आप्पांना सहा मिनिटं चालायला लावलं, ते मधेच दोनदा भिंतीला टेकले. हाताची पकड मोजली ती पण कमी. दंड नुसते हाडं. टीमने सांगितलं की आत्ता नाही, आधी अंगात ताकद आणा. आप्पा हिरमुसून म्हटले, माले घर जावानं शे. मला पण तेव्हा वाटलं की टाळतायत.

डाएटवाल्या ताईंनी तासभर दिला आम्हाला आणि या सगळ्या सर्व्हिसमधला तो सगळ्यात चांगला तास होता. लिव्हरवाल्याने डाळ, दूध, अंडं बंद करायचं हे आम्ही कुठून तरी ऐकून पाळत होतो, ते साफ चुकीचं निघालं, उलट वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन पाहिजे. रात्री झोपायच्या आधी खायचंच, रात्रभर उपाशी राहिलं की शरीर स्वतःचे स्नायू खातं. मीठ मात्र बंद. त्यांनी मायला विचारून विचारून घरातलं काढून घेतलं, बिबडे, पापड, लोणचं, शेवभाजी बंद, कळण्याची भाकरी चालेल पण पिठात मीठ नाही, भरीत बिनमिठाचं लिंबू पिळून. माय आता रोज रात्री साडेनऊला आप्पांना वाटीभर घट्ट वरण आणि दूध देते.

बाकड्यावर पारोळ्याकडचे एक दादा भेटले, त्यांना दारूमुळे झालेलं. ट्रान्सप्लांटआधी सहा महिने दारू सोडा म्हणतात ती लोकांना शिक्षा वाटते. तसं नाही. सोडल्यावर लिव्हर कधी कधी इतकं सावरतं की ट्रान्सप्लांटची गरजच उरत नाही, त्यांचं पाणी पाच महिन्यांत गेलं होतं. त्यांच्या बायकोने दर महिन्याला काउन्सिलिंगला बस धरून आणलं त्यांना, त्या माऊलीला नमस्कार.

आता डोनरचं. जिवंत माणूस पण आपल्या लिव्हरचा एक भाग देऊ शकतो, मी आणि माझी बहीण ताई तयार होतो. दोघांनाही वेगवेगळं, एकट्याला बसवून, दुसऱ्याच डॉक्टरने विचारलं की घरून दबाव आहे का, नाही म्हणायचं असेल तर आत्ता सांगा, घरच्यांना आम्ही फक्त मॅच झालं नाही एवढंच सांगू. मी ३४ वर्षांचा माणूस, मला तिथं रडू आलं, कारण त्या क्षणापर्यंत मला खरंच कोणी विचारलं नव्हतं. मी हो म्हटलं आणि मनापासून म्हटलं. भाग दिल्यावर ताईचं स्वतःचं उरणारं लिव्हर २८ टक्केच भरत होतं, तिथं ३० च्या खाली घेत नाहीत, तिला नाही म्हटले. मला फॅटी लिव्हर निघालं, मला पण नाही, वजन कमी करून या. एका दिवसात दोन नकार. खर्च पंचवीस लाखाच्या आसपास सांगितला होता, त्यांना पैसेच हवे असते तर असे दोन डोनर परत कशाला पाठवले असते, हा विचार मला गाडीत परत येताना आला आणि राग गेला.

तीन महिने रोज पहाटे बोरी नदीपर्यंत चालत गेलो, ९ किलो उतरवले. दरम्यान आप्पांचं नाव मेंदूमृत डोनरच्या वेटिंग लिस्टवर पण टाकून घेतलं. परवाच्या ओपीडीत आप्पा सहा मिनिटं न टेकता चालले, पाणी अजून भरतं पण महिन्यातून एकदाच काढावं लागतं. माझा सीटी परत केला, फॅट गेलंय, ग्रुप दोघांचा बी पॉझिटिव्ह. आता जन्माचा दाखला, रेशन कार्ड, बापलेकाच्या नात्याचे कागद गोळा करतोय, आप्पांच्या शाळेच्या दाखल्यावर नावाची एक वेलांटी वेगळी आहे, त्याच्या ॲफिडेव्हिटसाठी उद्या तहसीलला जायचंय.

५ पैकी ४ देतो, एक बाकड्यांचा आणि मराठीत न बोलणाऱ्या फोनचा कापला. कोणाच्या घरी पोटात पाणी भरलेला पेशंट असेल तर सगळे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या, सोबत असा एक माणूस न्या जो पेशंटजवळ रात्री झोपतो, कारण डॉक्टरांचे अर्धे प्रश्न त्यालाच असतात.