प्रथिनांची पावडर की ताटातले अन्न: स्नायूवाढीसाठी निवड करताना

स्नायू वाढवण्यासाठी व्हे, म्हणजे दुधातील एका प्रकारच्या प्रथिनांच्या, पावडरचा डबा आणावा की तेच पैसे अंडी, दूध, पनीर आणि डाळींवर खर्च करावेत, हे ठरवण्याआधी आपल्या रोजच्या जेवणातून आज किती प्रथिने मिळतात हे एकदा मोजावे. हा हिशेब न करताच बहुतेक जण डबा विकत घेतात, आणि तो न करताच दुसरे काही जण 'आमच्या घरचे वरण-भात पुरेसे आहे' असे ठामपणे सांगतात. दोन्ही बाजूंची चूक एकाच जागी होते, म्हणून सुरुवात तेथूनच केलेली बरी.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हे प्रमाण दिले. ही गरज निरोगी, पण खास व्यायाम न करणाऱ्या माणसाची आहे. आठवड्यातून तीन-चार दिवस नेमाने वजने उचलणाऱ्याचे गणित वेगळे असते. २०१८ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात ४९ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र केले होते. त्यानुसार दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅमपर्यंत प्रथिने वाढवल्याने स्नायूवाढीला मदत होते आणि त्यापुढे सरासरीने फारसा फायदा दिसत नाही. म्हणजे ६५ किलो वजनाच्या तरुणाची साधी गरज सुमारे ५४ ग्रॅम असेल, तर स्नायू वाढवू पाहताना ती सुमारे १०४ ग्रॅम होते.

आता एका सर्वसाधारण मराठी शाकाहारी घरातले ताट घेऊ. सकाळी शेंगदाणे घातलेले पोहे, दिवसभरात पाच-सहा पोळ्या, दोन्ही वेळचे मिळून वाटीभर घट्ट वरण किंवा आमटी, भात, एक पेला दूध आणि वाटीभर दही एवढे धरले, तर प्रथिनांची बेरीज ५० ते ५५ ग्रॅमच्या आसपास जाते. यातला जवळजवळ तिसरा हिस्सा गव्हाचा असतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. साधी गरज भागवायला हे ताट पुरते. स्नायूवाढीसाठी मात्र त्यात जवळपास ५० ग्रॅमची तूट राहते. पावडर आणि अन्न यांची खरी तुलना या पन्नास ग्रॅमांपुरतीच आहे. उरलेली अर्धी प्रथिने कोणत्याही परिस्थितीत ताटातूनच येणार आहेत.

पावडरची बाजू आधी पाहू, कारण तिच्याविषयी भीती आणि भक्ती दोन्ही अवाजवी आहेत. गायीच्या दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसिन असते आणि सुमारे २० टक्के व्हे. चीज तयार होताना दूध फाटून जे पाणी वेगळे होते, त्यातून हे व्हे गाळून, सुकवून पावडर केली जाते. ती दुधाचाच भाग आहे. तिच्यात कोणतेही संप्रेरक नसते आणि ती मुळात औषधही नाही. ती लवकर पचते, प्रथिने ज्यांपासून बनतात ती आवश्यक अमिनो आम्ले तिच्यात भरपूर असतात, आणि त्यांपैकी स्नायूंमध्ये प्रथिने बांधण्याची प्रक्रिया सुरू करणारे ल्युसिन तर विशेष जास्त असते. गुणवत्तेच्या कसोटीवर व्हे अंड्याच्या आणि दुधाच्या बरोबरीने उभे राहते, याबद्दल वाद नाही. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. घरी पनीर करताना उरणारे पाणी म्हणजे 'घरचे व्हे प्रोटीन' असे सर्रास सांगितले जाते. पण दूध उकळून त्यात लिंबू पिळल्यावर व्हे प्रथिनांचा मोठा भाग उष्णतेने बदलून पनीरमध्येच अडकतो, आणि त्या पाण्याच्या एका पेल्यात जेमतेम एक-दोन ग्रॅम प्रथिने उरतात. कणीक भिजवायला ते पाणी उत्तम आहे, परंतु पावडरची जागा ते घेऊ शकत नाही.

पावडरचा परिणाम किती, हेही त्याच २०१८ च्या विश्लेषणातून कळते. पूरक प्रथिने घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या गटांतील चरबीविरहित वजनाचा फरक सरासरी सुमारे ०.३ किलो एवढाच होता. हा फरक खरा आहे, पण व्यायामाने होणाऱ्या वाढीपुढे तो लहान आहे. जाहिरातीतल्या छातीचा आणि दंडाचा या तीनशे ग्रॅमांशी फारसा संबंध नसतो, हे डबा घेणाऱ्याने मनाशी पक्के धरावे.

अन्नाच्या बाजूने बोलताना केवळ 'नैसर्गिक' या शब्दाचा आधार घेण्याची गरज नाही. त्याहून भक्कम कारणे आहेत. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये व्यायामानंतर तरुणांना एकदा पूर्ण अंडी आणि एकदा फक्त पांढरा भाग दिला; दोन्ही वेळा प्रथिने १८ ग्रॅमच होती, तरीही पूर्ण अंड्यांनंतर स्नायूंतील प्रथिननिर्मिती अधिक झाली. अभ्यास लहान होता आणि काही तासांपुरता होता, म्हणून त्यावर इमले बांधू नयेत. मात्र बलकातील स्निग्धांश, जीवनसत्त्वे आणि इतर घटक निरुपयोगी ओझे नाहीत, एवढे त्यातून निश्चित दिसते. डाळींबरोबर तंतुमय पदार्थ, लोह आणि फोलेट मिळते, दुधाबरोबर कॅल्शियम आणि बी-१२ मिळते, बांगड्यासारख्या मासळीबरोबर ओमेगा-३ मिळते. पावडरमध्ये प्रथिने मिळतात आणि त्यापलीकडे फारसे काही मिळत नाही. शाकाहारी प्रथिने 'अपुरी' असतात हा आक्षेपही आपल्या जेवणाला तितकासा लागू पडत नाही, कारण धान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि डाळींत मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी असते, आणि वरण-भात, भाकरी-पिठले, उसळ-पोळी या जोड्या एकमेकींची उणीव भरून काढतात.

तरीही अन्नाची एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, आणि माझ्या मते या तुलनेतला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे: प्रथिनांसोबत किती उष्मांक येतात. तीच ५० ग्रॅमची तूट केवळ तुरीच्या डाळीने भरायची ठरवली, तर सव्वादोनशे ग्रॅम कच्ची डाळ जादा शिजवावी लागेल आणि तिच्याबरोबर सुमारे ७५० उष्मांक येतील. एवढे वरण रोज कोणी खाऊ शकणार नाही. शेंगदाण्यांनी भरायची तर २०० ग्रॅम शेंगदाणे आणि अकराशेहून अधिक उष्मांक लागतात, म्हणूनच 'शेंगदाणे म्हणजे गरिबांचे प्रोटीन' हे वाक्य वजन कमी करू पाहणाऱ्याला अडचणीत आणते. पनीर सुमारे पावणेतीनशे ग्रॅम लागते आणि उष्मांक पुन्हा पावणेआठशेच्या घरात जातात. आठ अंडी घेतली तर उष्मांक सहाशेच्या आत राहतात. कोंबडीच्या छातीचे मांस सव्वादोनशे ग्रॅम घेतले, तर अडीचशे-पावणेतीनशे उष्मांकांत काम होते, आणि व्हेचे दोन चमचे, म्हणजे डब्यातील मापाने, सुमारे २४० उष्मांकांत तेच देतात.

या आकड्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. चिकन, मासे आणि अंडी खाणाऱ्या माणसाला पावडरची गरज जवळजवळ नसते. रोज चार अंडी आणि दीडशे ग्रॅम चिकन किंवा मासळी एवढ्यात त्याची तूट भरते. ज्याला सडपातळ शरीरावर वजनच वाढवायचे आहे, त्या शाकाहारी मुलालाही गरज नसते, कारण शेंगदाणे आणि पनीर यांतील जादा उष्मांक त्याला हवेच असतात. अडचण होते ती पोट सुटलेल्या, वजन उतरवत स्नायू टिकवू पाहणाऱ्या शाकाहारी माणसाची. त्याला प्रथिने हवीत आणि उष्मांक नकोत, आणि शाकाहारी स्वयंपाकघरात असे पदार्थ मोजकेच आहेत. सोया चंक्स हा त्यातला सर्वांत दुर्लक्षित पदार्थ आहे: १०० ग्रॅम कोरड्या चंक्समध्ये सुमारे ५२ ग्रॅम प्रथिने असतात, आणि रोज ३०-४० ग्रॅम चंक्स भाजीत किंवा पुलावात सहज खपतात. त्याहून जास्त घेतल्यास अनेकांना गॅसेस होतात. सोयामुळे पुरुषांतील संप्रेरके बिघडतात ही भीती मात्र नेहमीच्या प्रमाणातील सेवनाबाबत अभ्यासांत खरी ठरलेली नाही. दुसरा पदार्थ म्हणजे साय काढलेल्या दुधाची पावडर, जिच्यात १०० ग्रॅममागे सुमारे ३५ ग्रॅम प्रथिने असतात; ज्याला दूध पचते त्याने ती दह्यात किंवा कणकेत मिसळावी.

खर्चाचा हिशेब करताना मी पुढील भाव गृहीत धरले आहेत. वाचकाने आपल्या गावचे भाव घालून तो पुन्हा करावा. २४ ग्रॅम प्रथिने, म्हणजे पावडरचा एक चमचा, हे माप धरू. डबा किलोला अडीच हजार रुपयांना मिळाला आणि त्यातून तीस चमचे निघाले, तर एक चमचा सुमारे ८३ रुपयांना पडतो. सात रुपयांचे अंडे धरले तर चार अंडी २८ रुपयांत येतात. चारशे रुपये किलोच्या पनीरने तेवढीच प्रथिने घेतली तर पन्नासएक रुपये लागतात, पासष्ट रुपये लिटरच्या दुधानेही जवळपास तेवढेच लागतात, आणि दीडशे रुपये किलोच्या सोया चंक्सने अवघे सात रुपये लागतात. पनीर आणि पावडर यांत किमतीचे अंतर समजुतीपेक्षा कमी आहे. अंडी आणि सोया यांच्यापुढे मात्र पावडर टिकत नाही. 'मास गेनर' या नावाने विकला जाणारा प्रकार तर या तुलनेत घेण्याजोगाही नाही, कारण त्याचा बराचसा भाग माल्टोडेक्स्ट्रिनसारख्या स्वस्त कर्बोदकांचा असतो.

किमतीपेक्षाही मला अधिक काळजी वाटते ती डब्यात खरोखर काय आहे याची. केरळमधील डॉ. सिरीयक ॲबी फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन पूरकांची प्रयोगशाळेत तपासणी करून २०२४ मध्ये 'मेडिसिन' या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. सुमारे ७० टक्के उत्पादनांतील प्रथिनांचे प्रमाण लेबलशी जुळत नव्हते, सुमारे १४ टक्क्यांत बुरशीपासून होणारी अफ्लाटॉक्सिन ही विषद्रव्ये सापडली आणि ८ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश सापडले. प्रथिने कमी भरण्याची एक युक्तीही समजून घेण्यासारखी आहे. नेहमीच्या चाचणीत प्रथिने थेट मोजली जात नाहीत, नायट्रोजन मोजून त्यावरून अंदाज काढला जातो. त्यामुळे ग्लायसिन किंवा टॉरिनसारखी स्वस्त अमिनो आम्ले मिसळली की आकडा फुगतो आणि स्नायूंना उपयोगी प्रथिने मात्र तेवढी नसतात. अंड्याच्या बाबतीत अशी फसवणूक करता येत नाही. म्हणून पावडर घ्यायचीच असेल, तर एफएसएसएआय या अन्न सुरक्षा नियामक संस्थेचा परवाना क्रमांक, घटकांची छोटी यादी, अमिनो आम्लांचा तपशील आणि त्रयस्थ प्रयोगशाळेचा अहवाल पाहावा, आणि जिममध्ये सुटी बांधून दिलेली पावडर कधीही घेऊ नये. स्पर्धेत उतरणाऱ्या कुस्तीगीर आणि कबड्डीपटूंना तर आणखी एक धोका आहे: पूरकात मिसळलेला निषिद्ध पदार्थ उत्तेजक चाचणीत सापडला, तर जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते.

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत स्नायू वाढवण्यासाठी प्रथिन पूरके टाळण्याचाच सल्ला दिला आहे. सर्वसामान्यांसाठी तो मला योग्य वाटतो, कारण बहुतेकांची तूट ताटातून भरण्याजोगी असते आणि बाजारातील शुद्धतेची हमी कमकुवत आहे. पण त्याच वेळी कोल्हापूरच्या तालमीतील खुराकाचा दाखला देऊन सर्वांना दूध, तूप आणि बदामाच्या थंडाईकडे पाठवणेही बरोबर नाही. तो खुराक पहाटे आणि संध्याकाळी तासन्‌तास जोर, बैठका आणि लढत करणाऱ्या पैलवानाचा आहे. दिवसभर खुर्चीत बसून संध्याकाळी तासभर जिममध्ये जाणाऱ्याने तो घेतला तर पोटच वाढेल.

मग ठरवावे कसे? अंडी खाणाऱ्याने पावडरचा विचार सोडून द्यावा आणि न्याहारीत पोह्यांबरोबर दोन-तीन अंडी घ्यावीत, कारण आपली सकाळ प्रथिनांच्या दृष्टीने सर्वांत कोरडी असते आणि दिवसाची प्रथिने तीन-चार वेळांत, दर वेळी २० ते ३० ग्रॅम अशी विभागणे स्नायूंना सोयीचे पडते. शुद्ध शाकाहारी माणसाने आधी दोन महिने सोया, पनीर, चक्का, मोड आलेली कडधान्ये आणि दूध यांनी तूट भरून पाहावी. त्यानंतरही वीस-पंचवीस ग्रॅम कमी पडत असतील, खानावळीच्या पातळ आमटीवर दिवस काढावे लागत असतील किंवा उष्मांक वाढवून चालणार नसेल, तर दिवसाला एक चमचा पावडर घेण्यात गैर काही नाही. ती व्यायामानंतर लगेच घेतली पाहिजे असा दंडक नाही, न्याहारीबरोबर घेतली तरी चालते. दूध पचत नसल्यास कॉन्सन्ट्रेट या साध्या व्हेऐवजी लॅक्टोज, म्हणजे दुधातील साखर, कमी असलेले आयसोलेट हे अधिक शुद्ध व्हे घ्यावे. दुसरा चमचा घेण्याची वेळ आली, तर जेवणातच काहीतरी चुकते आहे असे समजावे.

साठी ओलांडलेल्या, दातांच्या तक्रारीमुळे किंवा मंदावलेल्या भुकेमुळे कमी जेवणाऱ्या आई-वडिलांच्या बाबतीत माझे मत वेगळे आहे. वयानुसार झिजणारे स्नायू टिकवण्यासाठी त्यांना तज्ज्ञ दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने सुचवतात, आणि तेवढे ताटातून खाणे त्यांना अनेकदा जमत नाही. तेथे दुधात मिसळलेली पावडर जिममधल्या तरुणाला पडते त्याहून अधिक उपयोगी पडते, अर्थात सोबत थोडा ताकदीचा व्यायाम हवाच. मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर मूत्रपिंडाचे काम दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी करून आणि डॉक्टरांना विचारूनच ती सुरू करावी.