नऊ फेडर, तेरा फेडर आणि एकही नाही

साउंडच्या प्रदर्शनात मिक्सर, म्हणजे कार्यक्रमातल्या माईकांचे आवाज एकत्र करून स्पीकरला पाठवणारी पेटी, ऐकायला जाऊ नये, एवढं मला बऱ्याच वाऱ्या करून कळलंय. शेजारच्या स्टॉलवरचा सबवूफर आपल्या बरगड्यांत वाजत असतो, आणि स्टॉलवर जे गाणं लावलेलं असतं ते इतकं घासूनपुसून रेकॉर्ड केलेलं असतं की डब्यातून वाजवलं तरी गोड लागेल. म्हणून मी बंद कपांचा हेडफोन, माझा जुना शुअर एसएम५८ आणि तीन मीटरची केबल सोबत नेतो. हा माईक १९६६ सालापासून बाजारात आहे, त्यामुळे कुठलाही स्टॉलवाला त्याला नाही म्हणत नाही. माझा आवाज त्यातून कसा येतो हे मला पाठ आहे. ओठ जाळीला टेकले की खालचे स्वर फुगतात, खालचे स्वर कापणारा लो कट शंभर हर्ट्झच्या पुढे नेला की आवाज पुन्हा माणसात येतो. 'हॅलो, वन टू' म्हणायचं, गेन, म्हणजे माईकची पातळी, वाढवायचा, मग गप्प बसून मागची सळसळ ऐकायची.

यंदा तीन मिक्सर असे तपासले आणि तिन्हींत सळसळीवरून नाव ठेवायला जागा सापडली नाही. प्रीॲम्पवरून, म्हणजे माईकचा बारीक आवाज वाढवणाऱ्या भागावरून, भांडायचे दिवस आमच्या डोळ्यांदेखत संपले. आता मी एवढंच बघतो की स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरून स्टेजवरून शिट्टी सुटली तर माझं बोट किती वेळात योग्य जागी पोचतं, आणि तेही स्टेजवरची नजर न काढता.

पहिला यामाहाचा डीएम३, २०२३ मध्ये आलेला. वजन साडेसहा किलो. एका हाताने उचलला आणि दुसऱ्या हातात केबल तशीच राहिली. सोळा माईक इनपुट, नऊ इंची टचस्क्रीन, आणि आठ अधिक एक मिळून नऊ फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या. सोळा माईकांना आठ फेडर म्हणजे बँक, फेडरवर एका वेळी येणारा चॅनलांचा गट, बदलणं आलंच. पण आपल्या मनासारखी बँक बांधता येते, तेव्हा मी निवेदक, गायिका, बासरी आणि दोन मॉनिटर (कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर) असे शेजारी शेजारी मांडून पाहिले. दहा मिनिटांत हात बसला. स्क्रीन फार गजबजलेली नाही, हे मला सगळ्यात आवडलं. घाईत बोट चुकीच्या चौकोनावर पडायची भीती वाटली नाही. मिक्स बस, म्हणजे मॉनिटरना वेगवेगळं मिश्रण पाठवायच्या वाटा, मात्र सहाच. चार मॉनिटर मोनो आणि एका इन-इअरला (कानात घालायच्या मॉनिटरला) स्टीरिओ दिला की खिसा रिकामा. घेणाऱ्याने नावामागचं 'डी' नीट बघावं, कारण नेटवर्कच्या केबलवरून अनेक चॅनल नेणारं डांटे फक्त त्याच मॉडेलमध्ये आहे, सोळा चॅनल आत आणि सोळा बाहेर.

दुसरा ॲलन अँड हीथचा सीक्यू-१८टी. हाही २०२३ चा, हाही ९६ किलोहर्ट्झवर चालणारा, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ९६ हजार नमुने घेणारा, सोळा माईक घेणारा. याला फेडर एकही नाही. सात इंची स्क्रीन आणि फिरवायच्या गुंड्या, बस. गेन आपोआप लावून देणारी सोय आहे, आणि शिट्टी ओळखून तिथेच बारीक फिल्टर टाकणारीही. ज्याला आपला बँड आपणच सांभाळायचा आहे, त्याला ही पेटी भावासारखी साथ देईल. एसडी कार्डवर सगळे चॅनल वेगवेगळे रेकॉर्ड होतात, मग रिकाम्या हॉलमध्ये तेच परत वाजवून वादकांशिवाय साउंडचेक करता येतो.

माझ्याबरोबर माझा मदतनीस होता, वय एकवीस. त्याला डीएम३ पुढे उभं केलं आणि म्हटलं, "डोळे मीट. गायिका तिसऱ्यावर आहे, थोडी खाली आण." त्याने डाव्या कडेवरून बोटं चालवत तिसरा फेडर पकडला. सीक्यूपुढे तेच सांगितलं तर म्हणाला, "दादा, डोळे उघडले तर चालेल ना?" मी मनातल्या मनात जिंकलो. पण पुढे तो जे बोलला त्याने जरा गोची केली. "तुम्ही फेडर धरून कोपऱ्यात बसता. मी टॅब घेऊन मधल्या रांगेत उभा राहतो. तुम्हाला जे ऐकू येतं ते पब्लिकला येतच नाही." खोटं नव्हतं. आमची टेबलं नेहमी भिंतीला चिकटवलेली असतात, आणि भिंतीजवळ बेस उगाच जाड वाटतो. तो जाड वाटला की आपण कापतो, आणि मध्ये बसलेल्यांना पातळ आमटी.

त्याच दिवशी एका स्टॉलवर, नाव घेत नाही, टॅबवरून मिक्सर चालवून दाखवताना वायफाय तुटलं. फेडरचं चित्र जागच्या जागी गोठलं आणि आवाज होता तसा चालू राहिला. स्टॉलवरचा मुलगा म्हणाला, "इथे गर्दी आहे ना, सगळ्यांचे फोन चालू असतात." मी म्हटलं, "बाबा रे, कार्यक्रमाला काय रिकाम्या खुर्च्या असतात?" मदतनीस माझ्याकडे बघेना.

तिसरा बेहरिंगरचा विंग कॉम्पॅक्ट, २०२४ चा. मोठ्या विंगचं मन आणि छोटं अंग. तेरा मोटर फेडर, चोवीस मिडास कंपनीचे प्रीॲम्प, आणि आत अठ्ठेचाळीस स्टीरिओ चॅनल. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, तो एका गोष्टीपायी. विंगमध्ये प्रत्येक चॅनलला दोन उगम देता येतात, एक मुख्य आणि एक पर्यायी. मी माझा माईक एका सॉकेटला लावला, स्टॉलवरचा दुसऱ्याला, आणि चॅनल एकच ठेवला. बोलता बोलता पर्यायावर गेलो. स्वरांचा समतोल साधणारा तोच ईक्यू, चढउतार आवरणारा तोच कॉम्प्रेसर, मॉनिटरला जाणारा तोच भाग, फक्त माईक नवा. मुख्य गायिकेचा माईक मुखड्यातच मेल्यावर काय धावपळ होते हे ज्याने पाहिलंय, त्याला यात काय आहे ते कळेल. आजवर आम्ही यासाठी दुसरा चॅनल अडवून सगळी सेटिंग कॉपी करून ठेवायचो, आणि साउंडचेकनंतर पहिल्यात केलेला बदल दुसऱ्यात करायला हमखास विसरायचो.

पण विंग शिकावा लागतो. डीएम३ सारखं दहा मिनिटांत जमत नाही. मेनूत मेनू आहेत, आणि बदली माणसाला ऐन वेळी त्यावर बसवणं मला धाडसाचं वाटतं.

हा ४८ किलोहर्ट्झवर चालतो, म्हणून शेजारी उभा एक जण नाक मुरडत होता. माणसाचा कान वीस किलोहर्ट्झला थांबतो, आणि ४८ मध्ये चोवीसपर्यंतचं मावतं. ९६ ने मिक्सरमधून आवाज बाहेर पडायला लागणारा उशीर कमी होतो हे खरं. पण आवाज एका मिलिसेकंदात ३४ सेंटीमीटर जातो, म्हणजे दीड वीत. गायकाच्या पायाशी ठेवलेला मॉनिटर कानापासून दीड मीटरवर असेल तर चार मिलिसेकंद हवेतच जातात. तिथे मिक्सरमधल्या अर्ध्या-पाऊण मिलिसेकंदाचा हिशोब कोण मागतो? इन-इअर वापरणारा गायक मागेल, तेवढं मान्य.

मोठी कन्सोल्सही होती, दोन दोन स्क्रीनची, भोवती फोटो काढणाऱ्यांची गर्दी. तिकडे थांबलो नाही. ज्याचं भाडं परवडणार नाही त्याची चव कशाला घ्या.

माझा कौल असा. भाषणं, चर्चा, छोट्या मैफिली यांसाठी डीएम३-डी, आणि सोबत टॅबसाठी स्वतःचा राउटर. बँडच्या कामाला विंग कॉम्पॅक्ट, पण आधी महिनाभर घरी ठेवून. सीक्यू मदतनिसाला हवाय. त्याची छोटी कामं तो आता एकटा करतो, त्यामुळे मी फार अडवणार नाही.

पैसे अजून कुणालाच दिलेले नाहीत. डीएम३ वाल्याला विचारलं, "दुपारच्या उन्हात ही स्क्रीन दिसते का?" तो म्हणाला, "आत तर छान दिसते." मग बाहेर नेऊन दाखव म्हटलं. केबल कमी पडेल म्हणाला. माझी तीन मीटरची होती, पण ती माईकची.