मैला उपसणारी गाडी: दापोलीच्या किनाऱ्यावरचा आमचा अनुभव

दापोली तालुक्यात, कर्दे-मुरुडच्या बाजूला आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. दिवाळीपासून मे अखेरपर्यंत पाहुणे असतात. ते उकडीच्या मोदकांबद्दल लिहितात, समुद्र किती जवळ आहे ते लिहितात. मी आज संडासाच्या टाकीबद्दल लिहिते आहे, कारण त्याबद्दल होमस्टे चालवणारे आम्ही आपापसातसुद्धा बोलत नाही.

यंदा एप्रिलमध्ये टाकी उपसायला पहिल्यांदा गाडी बोलावली. ट्रकवर लोखंडी टाकी, मागे पंप, गुंडाळलेला जाड पाइप, एक ड्रायव्हर आणि एक मदतनीस. आमच्या पाखाडीत गाडी शिरत नाही. ती तोंडाशीच उभी राहिली आणि त्या दोघांनी पाइपाला पाइप जोडत, पोफळींच्या आळ्यांमधून, मागील दारापर्यंत आणला. शंभरेक फूट सहज असेल. झाकण काढलं, वर धरलेला घट्ट थर लांब बांबूने फोडला, थोडं पाणी सोडलं आणि पंप चालू केला. पहिली फेरी पाऊण तासात भरली. तळाशी वीतभर गाळ मुद्दाम ठेवला. सगळं खरवडून काढलं तर मैला कुजवणारे जिवाणूही जातात, हे ड्रायव्हरने न विचारता समजावून सांगितलं. अंगणात थेंब सांडला नाही. विहिरीकडे पाइप नेला नाही. आणि माणूस आत उतरला नाही. फेरीला साडेतीन हजार, अशा दोन फेऱ्या झाल्या.

सात हजार म्हटल्यावर आधी माझ्याही पोटात गोळा आला होता. त्याआधी आम्ही दोन माणसांना मिळून अडीच हजार देत होतो.

ते दोघे रात्री यायचे. पाहुण्यांना वास नको म्हणून आम्हीच तशी वेळ द्यायचो. तीन वर्षांपूर्वीची मेमधली गोष्ट. एक जण कमरेला दोर बांधून टाकीत उतरला, दुसरा वरून बादल्या ओढत होता. थोड्या वेळाने खालून हाकेला ओ येईना. दुसऱ्याने आणि आमच्या ह्यांनी मिळून दोर ओढला. तो वर आला, गडग्याला टेकून ओकला, कितीतरी वेळ त्याचे डोळे उघडेनात. टाकीत विषारी वायू साठतो. आधी कुजक्या अंड्यांसारखा वास येतो, पण वायू वाढला की नाकच बधिर होतं आणि आतल्या माणसाला वाटतं, वास गेला. म्हणून एक पडला की त्याला काढायला उतरणारा दुसराही तिथेच पडतो. हे सगळं मी नंतर वाचलं. त्या रात्री फक्त टाकीशेजारी कंदील धरून उभी होते.

शुद्धीवर आल्यावर त्याने पाणी मागितलं. मी तांब्या आणला आणि वरून त्याच्या ओंजळीत ओतलं. घरात पाहुण्यांसाठी दोन डझन स्टीलचे पेले होते. मला कोणी सांगितलं नव्हतं, हात आपसूक उंच गेला. ‘अरे, सावकाश पी,’ म्हटलं. तो माझ्याहून वयाने मोठा होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

यंदा त्या ड्रायव्हरने पाणी मागितलं, तर मी पेला भरून ताटलीत ठेवून नेला आणि विचारलं, ‘अहो, कोकम सरबत देऊ का?’ वयाने तो माझ्या मुलाएवढा. अंगात गणवेश, पायांत गमबूट, हातात पावतीपुस्तक. मैला तोच, आमच्याच घरचा. रिकामा पेला परत घेताना मला ती ओंजळ दिसली आणि मी स्वयंपाकघरात जाऊन बसून राहिले. आमच्या शेजारच्या मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले म्हणून 20 मार्च 1927 ला माणसांनी मार खाल्ला, हा धडा मी माझ्या मुलांकडून तोंडपाठ करून घेतला होता.

मे महिन्यात बचत गटाच्या बैठकीत मी हे बोलले. ओंजळीचंही सांगितलं. तेव्हा कोणी काही बोललं नाही. मग एकीने म्हटलं, ‘ते स्वतःहून काम मागायला येतात, आपण बोलावत नाही.’ दुसरी म्हणाली, ‘त्यांच्या पोटावर पाय कशाला?’ हा दुसरा प्रश्न मी झटकून टाकू शकत नाही. पण गाडीवरही माणसंच लागतात, आणि हे काम ज्यांना येतं त्यांनाच त्यावर घ्यायला हवं. तेच मी गाडीच्या मालकालाही फोनवर सांगितलं आहे. कायद्याचं म्हणाल तर 2013 पासून कुणालाही साधनांशिवाय टाकीत उतरवणं गुन्हा आहे. पहिल्यांदाच सापडलात तरी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे ठेकेदाराइतकंच घरमालकालाही लागू आहे. आत मेलेल्या माणसाच्या घरच्यांना किमान 30 लाख द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये सांगितलं. बैठकीत मी हे आकडे वाचून दाखवले, तेव्हा दोघींनी गाडीचा नंबर घेतला. बाकीच्यांना मी पुन्हा विचारणार आहे.

आता गाडीवाल्यांची उणी बाजू. मदतनिसाने टाकीचं झाकण उघड्या हातांनी उचललं. हातमोजे कुठे म्हणून विचारलं, तर ‘गाडीत आहेत’ म्हणाला. गाडीत असून काय उपयोग? मी हट्ट धरला तेव्हा त्याने घातले. दुसरं, मैला कुठे ओतता याचं सरळ उत्तर मिळालं नाही. ‘लांब, माळावर’ एवढंच. कुणाच्या माळावर? खाली कोणाची वाडी आहे, कोणाची विहीर आहे? आमच्या टाकीतून उपसलेलं जाऊन गरिबाच्या पाणवठ्याशी पडणार असेल, तर मी फक्त घाण इथून तिथे सरकवली. मालकाने ‘पुढच्या वेळी कागद देतो’ असं कबूल केलं आहे. म्हणून या गाडीला पाचपैकी चार तारे. घाटावर, किनाऱ्यावर कुठेही गाडी बोलवाल तेव्हा हे दोन प्रश्न पैसे देण्याआधी विचारा. कंपनीचं नाव मी कागद हातात आल्यावर इथेच लिहीन.

बोलवायची असेल तर मार्च-एप्रिलमध्येच सांगून ठेवा, मे अखेरीस तारीख मिळत नाही. पावसाळ्यात टाकी पूर्ण रिकामी करू नका, जमिनीतल्या पाण्याच्या दाबाने ती तडकू शकते. गाडी उभी राहते तिथून टाकीपर्यंतचं अंतर आधी मोजून सांगा. आणि माणसं कामाला येतील तेव्हा पेले बाहेरच काढून ठेवा, रोजच्या वापरातले.