शिणाणे मागितले, स्नायू मिळाले! (भाषांतराचं अ‍ॅप, ३ स्टार)

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात राहतो पण मूळ मालवणकडचं. लेक नॉर्वेत बर्गेनला असते, तिच्याकडे जायच्या आधी म्हटलं शिणाण्यांना (आमच्याकडचे खायचे शिंपले) तिकडे काय म्हणतात बघू, तर अ‍ॅपला इंग्रजीत बोलून 'मसल' विचारलं आणि आलं 'मुस्केल', म्हणजे स्नायू!! इंग्रजीत दोन्हीचा उच्चार सारखाच ना, त्याची तरी काय चूक. स्पेलिंग टाइप केल्यावर मात्र बरोबर 'ब्लोशेल' आलं, ब्लो म्हणजे निळा आणि शेल म्हणजे शिंपला, आणि असतोच की तो निळसर काळा, मला तर शब्दच आवडला. कोळंबीला 'रेके', खेकड्याला 'क्राबे', तेही ठीक. फक्त उच्चार ऐकवणारी बाई फार भरभर बोलते, चारदा ऐकावं लागतं.