15 दिवसांची पितृत्व रजा: बाळ झाल्याझाल्या की सहाव्या महिन्यात?

केंद्र सरकारी नोकरीत बापाला 15 दिवस मिळतात, तेही दोन लेकरांपर्यंतच. (खासगीत कायदाच नाही, कंपनी देईल ते खरं.) मी दोन्ही खेपांना ती वेगवेगळ्या वेळी घेतली, म्हणून लिहितोय.

मुलाच्या वेळी रीतीप्रमाणे बाळंतपण बायकोच्या माहेरी, सांगलीला. पहिल्या दिवसापासून मी हजर. पण बाळंतिणीच्या खोलीत सासूबाई, आजेसासूबाई आणि मालिशवाल्या मावशी. माझ्याकडे काम एकच, औषधं आणायची. एकदा लंगोट धुवायला घेतले तर सासूबाईंनी बादलीच उचलून नेली. "तुम्ही बसा हो, चहा टाकते." दिवसाला सहा-सात चहा. खरी गरज लागली ती पाच महिन्यांनी. बायकोच्या बाळंतपणाच्या रजेचे 26 आठवडे, प्रसूतीआधीचे धरून, संपले, पोरगा वाटी-चमच्याने दूध घेईना, आणि मी ऑफिसात शिल्लक सीएल (किरकोळ रजा) मोजत बसलेलो. तेच मला सगळ्यात खुपलं.

मुलीच्या वेळी दवाखान्याचे चार दिवस अर्जित रजेत काढले आणि हे 15 राखून ठेवले. जन्मापासून सहा महिन्यांत घेतली नाही तर ही रजा बुडते, त्यामुळे हिशोब आधीच घाला. बायकोने प्रसूतीआधी तीन आठवडे रजा घेतली होती, म्हणजे नंतरचे 23 उरले. सहा महिने भरायला त्यापुढे साधारण तीन आठवडे राहतात, त्यात आपले 15 दिवस बसतात. तिने सगळेच्या सगळे 26 आठवडे बाळंतपणानंतर ठेवले, तर मात्र हे गणित जुळत नाही.

सिझेरियन असेल, घरात मोठं मूल असेल किंवा मदतीला कोणीच नसेल, तर सुरुवातीलाच घ्या; तिथे माझा आग्रह नाही. माहेरी चार बायका असतील, तर मी तरी थांबेन.

बायको कामावर गेली त्या पहिल्या दिवशी मुलीने वाटी उडवली, काढून ठेवलेलं सगळं दूध माझ्या शर्टावर. दुसऱ्या दिवशी निम्मं पोटात. चमचा तिरका धरून गालाच्या कडेने सोडायचा, हे तिसऱ्या दिवशी उमगलं. तोवर बायकोचा तासातासाला फोन. चौथ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत आलाच नाही, तेव्हा मीच केला.