दीड वर्ष, २२ हजार किलोमीटर: इलेक्ट्रिक गाडीचा माझा हिशेब

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत मीटररूमपासून माझ्या पार्किंगपर्यंत ३५ मीटर केबल टाकलेली आहे. इलेक्ट्रिक गाडीत पैसे वाचतात की नाही, हे माझ्या बाबतीत त्या केबलने ठरवलं. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

गाडी आली तेव्हा चार्जर घरच्याच मीटरवर जोडला होता. आमचं महिन्याचं बिल २१० युनिटच्या आसपास असायचं, ते ३८० वर गेलं. महावितरणचा घरगुती दर शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटच्या टप्प्यांनी चढतो. म्हणजे गाडीचे सगळे युनिट वरच्या, महागड्या टप्प्यांत बसत होते. बिल दरमहा अडीच हजारांनी वाढलं. हजारेक किलोमीटरला अडीच हजार, म्हणजे किलोमीटरला जवळपास अडीच रुपये. पेट्रोलच्या मानाने स्वस्तच, पण शोरूममध्ये सांगितलेला 'रुपयात किलोमीटर' कुठेच दिसेना.

त्यावर उपाय म्हणजे ईव्ही चार्जिंगसाठी वेगळा मीटर. त्याचा दर वेगळ्या वर्गात येतो, टप्प्यांची भानगड नाही. पण त्याला सोसायटीचं ना-हरकत पत्र हवं होतं, आणि त्यात पाच महिने गेले. बेसमेंटमध्ये आग लागेल ही लोकांची भीती खरी होती, मी ती उडवून लावली नाही. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून विजेच्या भाराचा हिशेब लिहून आणला, केबलचा मार्ग कागदावर काढला, भार वाढला किंवा वीज गळली की पुरवठा तोडणारे स्वतंत्र एमसीबी आणि आरसीसीबी कुठे बसणार ते सेक्रेटरीकाकांना जागेवर नेऊन दाखवलं. मग पत्र मिळालं. केबल, पेटी आणि मजुरी मिळून २८ हजार गेले. आता स्थिर आकार धरून मला युनिट नऊ रुपयांच्या आसपास पडतं, म्हणजे किलोमीटरला दीड रुपया.

बॅटरी ४० युनिटची आहे. कंपनीच्या कागदावर एका चार्जमध्ये साडेचारशेच्या वर किलोमीटर लिहिलेत. कोथरूड ते हिंजवडी रोजच्या रहदारीत, एसी लावून, मला २८० मिळतात. एक्सप्रेसवेवर शंभरच्या वेगाने २३०. घ्यायच्या आधी हेच आकडे धरा, कागदावरचे नको. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही: मीटरवर मोजलेल्या शंभर युनिटपैकी माझ्या अंदाजाने दहा-बारा युनिट चार्ज होतानाच वाया जातात.

आता एकूण. माझी आधीची पेट्रोल ऑटोमॅटिक लिटरला १४ द्यायची. १०४ रुपये लिटरने २२ हजार किलोमीटरचे १ लाख ६३ हजार झाले असते. विजेवर बाहेरच्या चार्जिंगसह ४२ हजार गेले. वाचले १ लाख २१ हजार. सर्व्हिसिंगलाही वर्षाला पाचेक हजार कमी लागतात. ऑइल नाही, क्लच नाही. पण विम्यात ते परत जातात. इलेक्ट्रिक गाडीला थर्ड पार्टी हप्त्यात १५ टक्के सवलत असते खरी, पण गाडीची किंमतच जास्त, त्यामुळे पूर्ण विम्याचा माझा हप्ता वर्षाला नऊ हजारांनी जास्त बसतो. जीएसटी फक्त ५ टक्के आणि महाराष्ट्रात मोटार वाहन कर माफ, तरी तशाच पेट्रोल गाडीपेक्षा ही साडेतीन लाखांनी महाग पडली. केबलचे २८ हजार धरून फरक वसूल व्हायला मला पाच वर्षं लागतील. महिन्याला पाचशे किलोमीटरच चालवणाऱ्याला बारा-तेराही लागू शकतात.

गाडीच्या कर्जाच्या व्याजावर आयकरात दीड लाखाची वजावट मिळते असंही आम्हाला विकताना सांगितलं होतं. आयकराच्या ८० ईईबी कलमाची ती सवलत ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. आमचं कर्ज नंतरचं. मला याचा फार राग आला, कारण आमच्या हिशेबात ती रक्कम धरलेली होती.

माझं माहेर महाडजवळ. ताम्हिणीने जाऊन-येऊन २७० किलोमीटर होतात, म्हणजे तिथे रात्री चार्जिंग हवंच. पहिल्यांदा गेलो तेव्हा पडवीतल्या १५ अँपिअरच्या सॉकेटला चार्जर लावला तर लाल दिवा लागला आणि चार्जिंग सुरूच होईना. गावच्या वायरमनदादांनी मीटर लावून पाहिलं: न्यूट्रल आणि अर्थमध्ये २६ व्होल्ट. जुन्या घरातलं अर्थिंग नावालाच उरलं होतं. दुसऱ्या दिवशी परसात खड्डा खणला, पाइप उभा केला, भोवती मीठ आणि कोळशाचे थर घालून वरून पाणी ओतलं. आकडा दोनवर आला. साडेसहा हजार खर्च झाले, पण आईच्या फ्रिजला आणि पाण्याच्या पंपालाही आता नीट अर्थिंग आहे, याचं मला गाडीपेक्षा जास्त समाधान वाटतं. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते, म्हणून आम्ही निघतो म्हटलं की बाबा आदल्या दिवशी त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओततात.

ताम्हिणी उतरताना ब्रेकला फारसा पाय लागत नाही. गाडी स्वतःच वेग धरून ठेवते आणि वीज परत बॅटरीत भरते. माथ्यावर ६१ टक्के होतं, निजामपूरला ६२ दिसलं. परतीच्या चढात ते व्याजासकट जातं, हे विसरू नका.

बाहेरच्या चार्जिंगबद्दल मात्र तक्रार आहे. युनिट २१ रुपयांच्या आसपास, वर वेगवेगळी ॲप. माझे चार ॲपच्या वॉलेटमध्ये मिळून अकराशे रुपये पडून आहेत. कोल्हापूरला जाताना साताऱ्याच्या पुढे एका हॉटेलात ॲपवर चार्जर 'उपलब्ध' दिसत होता, प्रत्यक्षात बंद. पुढच्या ठिकाणी आमच्या आधी दोन गाड्या. दोन तास दहा मिनिटं गेली, गाडीत सासूबाई होत्या. तेव्हापासून २५ टक्क्यांच्या खाली बॅटरी येऊ देत नाही आणि ८० टक्के झाले की निघते, कारण पुढचे २० टक्के भरायला फार वेळ जातो.

टायर बदललेले नाहीत, पण पुढचे आधीच्या गाडीपेक्षा लवकर झिजताहेत. गाडी जड आहे आणि उचल जोरात आहे. बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर आहे. रेंज अजून कमी झालेली जाणवत नाही.

माझ्या एका मैत्रिणीला स्वतःचं पार्किंग नाही, गाडी रस्त्यावर उभी असते. तिला मी घेऊ नकोस असंच सांगितलं. सगळं चार्जिंग बाहेर करून किलोमीटरला तीन-साडेतीन रुपये आणि रांगेतला वेळ, यात तिचं काही साधत नाही.

आमच्या सोसायटीत आता आणखी तीन अर्ज आलेत. प्रत्येकाने वेगळी केबल ओढण्यापेक्षा एकच जाड केबल टाकून घ्यावी, असं मी पुढच्या सभेत मांडणार आहे. केबलचा नकाशा आणि भाराचा कागद माझ्याकडे आहे. कुणाला आपल्या सोसायटीत दाखवायला हवा असेल तर सांगा, पाठवते.