घरच्या आर्केड मशीनसाठी ट्यूबचा टीव्ही की चौकोनी मॉनिटर, आणि बटणांच्या वायरी कुठे जोडायच्या?

बसस्टँडमागच्या दुकानात रुपया टाकून ‘मुस्तफा’ खेळलेली आमची पिढी आता पोरांसाठी तसलंच मशीन घरी बनवायला निघाली आहे. प्लायवुड कापायच्या आधी पडदा ठरवा, कारण पेटीची रुंदी आणि खोली त्यावरच ठरते.

पहिला पर्याय २१ इंची ट्यूबचा टीव्ही. ‘मुस्तफा’ म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’. त्याचं चित्र ३८४ बाय २२४ ठिपक्यांचं, आणि ते ट्यूबवरच दिसायचं म्हणून काढलेलं. ट्यूबवर त्या ठिपक्यांच्या कडा विरघळतात, रंग भरून येतात. तो आनंद दुसऱ्या कशातच नाही, हे मी मनापासून सांगतो. खेळ चालवायला रास्पबेरी पाय ४ हा छोटा कॉम्प्युटर (पुढे नुसता ‘पाय’) घेतला, तर त्याच्या हेडफोनच्या भोकातून एव्ही सिग्नल मिळतो, त्यामुळे जोडणीही सोपी. फक्त हे खेळ सेकंदाला साधारण ६० चित्रं दाखवतात, म्हणून सिग्नल एनटीएससी ठेवावा लागतो (एनटीएससी आणि पाल या टीव्ही सिग्नलच्या दोन पद्धती). टीव्ही नुसता पाल समजणारा असेल तर चित्र काळं-पांढरं येतं. घेण्याआधी पाय सोबत नेऊन लावून बघा.

तरीही मी घरात ट्यूब ठेवली नाही. ट्यूबच्या आत वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ साचून राहतो. पोरं पेटीमागे हात घालणार, हे धरूनच चालायचं. शिवाय पिक्चर ट्यूबचं काम करणारे मेकॅनिक आता तालुक्याला शोधावे लागतात. हौस अनावर असेल तर टीव्ही त्याच्या खोक्यातच ठेवा, उघडा बसवू नका.

दुसरा पर्याय १९ इंची चौकोनी एलसीडी, ऑफिसातून निघालेला, १२८० बाय १०२४ चा. चित्राच्या २२४ ओळी चौपट केल्या की ८९६, काही खेळांच्या २४० ओळी चौपट केल्या की ९६०. दोन्ही पडद्यात पूर्ण बसतात आणि ओळी सारख्या जाडीच्या दिसतात. नवा रुंद २२ इंची घ्यावासा वाटेल, पण जुन्या ४:३ चित्राला त्यावर सुमारे १८ इंच जागा मिळते. चौकोनी १९ इंचीवर तेच चित्र साडेअठरा इंचाचं दिसतं, आणि हा मॉनिटर अकराएक सेंटीमीटर अरुंदही. माझं मत सरळ चौकोनीच्या बाजूने आहे.

आता वायरिंग. दोन खेळाडू, प्रत्येकी जॉयस्टिकच्या ४ दिशा आणि ६ बटणं, वर दोन स्टार्ट, दोन कॉइन: एकूण २४ स्विच. रास्पबेरी पायवर वापरता येतील अशा पिना २६. म्हणजे बटणं थेट पायला जोडता येतात, वेगळ्या बोर्डाचा खर्च वाचतो. पण त्या पिना ३.३ व्होल्टच्या. बटणातल्या दिव्याची ५ व्होल्टची वायर निसटून लागली तर पिन जळते, नशीब वाईट असेल तर अख्खा पाय. माझा पहिला पाय असाच गेला, आणि नवा येईपर्यंत दिवाळीची सुट्टी संपली होती. दुसरा मार्ग यूएसबी एन्कोडर, म्हणजे बटणांच्या वायरी घेऊन पायला यूएसबीने जोडणारा छोटा बोर्ड. त्यात प्रत्येक खेळाडूला एक बोर्ड लागतो. बिघडला तर तेवढाच बदला. त्याची एकच खोड: दोन्ही बोर्ड सारखेच असल्याने कधी कधी पहिला खेळाडू दुसरा होऊन बसतो. दोघांचे यूएसबी पोर्ट ठरवून ठेवा. जम्मा हार्नेस (जुन्या आर्केड मशीनमधली ठरावीक वायरींची जुडी) मात्र हाती दुकानातल्या मशीनचा मूळ गेम बोर्ड असेल तरच. १९८५ पासूनच्या त्या ५६ टोकांच्या जोडणीत दर खेळाडूला तीनच बटणं धरलेली आहेत.

काहीही निवडा, बटणाखालच्या मायक्रोस्विचवर ‘कॉमन’ आणि ‘एनओ’ (दाबल्यावर जुळणारं) हीच टोकं घ्या. ‘एनसी’ला (न दाबताही जुळलेलं) जोडलं तर बटण कायम दाबलेलं राहतं. थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवायची धातूची खोबण, स्विचच्या टोकाच्या रुंदीचंच आणा (बहुतेक ठिकाणी ४.८ मिलिमीटर) आणि पक्कडीने घट्ट दाबा. जॉयस्टिकला रोज इतके झटके बसतात की ढिलं थिंबल टिकत नाही.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो आणि पाय ४ चा प्रोसेसर ८० अंशांना स्वतःचा वेग कमी करतो. खाली जाळी, वर १२ व्होल्टचा पंखा हवाच. लाईट अचानक गेली की मेमरी कार्डावरची फाइल खराब होते, म्हणून मशीन इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या आणि कार्डाची एक प्रत करून ठेवा. कंट्रोल पॅनलचा पत्रा लोखंडी असेल तर त्याला अर्थिंगची वायर पहिल्याच दिवशी जोडा, बाकीच्या वायरी नंतर.